विशेष वापराचा अर्ज आणि शेजाऱ्याचे स्थान

जमिनीचा एखादा तुकडा कोणाच्या मालकीचा आहे हे सातबाराच्या उताऱ्यावरून समजते, पण त्या तुकड्यावर मालकाला काय करता येईल हे तेथे लिहिलेले नसते. त्यासाठी नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढावा लागतो, आणि त्या गट क्रमांकाची जमीन शासनमान्य आराखड्यात कोणत्या वापर विभागात पडते एवढेच तो दाखला सांगतो. नकाशावर पिवळा रंग असेल तर निवासी, हिरवा असेल तर शेती, अशी ही विभागणी असते आणि बोलीत तिला ‘आर झोन’, ‘ग्रीन झोन’ किंवा नुसता ‘पट्टा’ म्हणतात. या विभागणीमागची कल्पना साधी आहे: परस्परांना त्रास देणारे वापर एकमेकांपासून दूर ठेवले की शहर राहण्याजोगे होते. अडचण येते ती या कल्पनेत सरळ न बसणाऱ्या वापरांची. मंगल कार्यालय, रुग्णालय, पेट्रोल पंप, शाळा, वसतिगृह, वृद्धाश्रम, गॅस सिलिंडरचे गोदाम, स्मशानभूमी यांपैकी प्रत्येक गोष्ट समाजाला हवी असते, वस्तीपासून फार लांब असून चालत नाही, आणि तरीही ती जेथे होते तेथील शेजाऱ्यांवर काही ना काही भार टाकते. अशा वापरांना सरसकट मुभा देणे जितके चुकीचे, तितकेच सरसकट मनाई करणेही चुकीचे ठरते. त्यांच्याबाबत ‘या जागी, या प्रमाणात, या अटींवर’ असा निर्णय जागेगणिक घ्यावा लागतो.

असा निर्णय घेण्याची स्वतंत्र आणि उघड पद्धत महाराष्ट्राच्या नियोजन कायद्यात जवळजवळ नाही, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. जे आहे ते दोन टोकांना आहे. एका टोकाला नियमावलीतील तक्ता आहे, जो जागा न पाहताच होकार देतो. दुसऱ्या टोकाला आराखड्यातच फेरबदल करण्याचा मार्ग आहे, जो एका भूखंडासाठी शहराचा नकाशा हलवतो. या दोन्ही मार्गांवर अर्जदार आणि प्राधिकरण यांची गाठ पडते, पण ज्याच्या खिडकीखाली तो वापर सुरू होणार असतो त्या शेजाऱ्याला एका मार्गावर जागाच नाही आणि दुसऱ्यावर आहे ती नावापुरती.

मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा हा देशातील या विषयावरील पहिला कायदा मानला जातो. त्याची जागा १९५४ च्या कायद्याने घेतली आणि पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आजचा मूळ कायदा आला. या अधिनियमाने ‘विकास’ या संज्ञेची व्याप्ती बांधकामापुरती ठेवलेली नाही. जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात होणारा कोणताही महत्त्वाचा बदलदेखील तीत मोडतो, त्यामुळे एकही वीट न हलवता राहत्या बंगल्यात प्रसूतिगृह सुरू करणे हाही कायद्याच्या दृष्टीने विकासच होय. विकास करू इच्छिणाऱ्याने कलम ४४ खाली नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी महानगरपालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे, अर्ज करावयाचा असतो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, पोहोच रस्त्याचा तपशील आणि वास्तुविशारदाने काढलेले नकाशे अशी त्याची जोडपत्रे असतात. प्राधिकरण कलम ४५ खाली तो विनाअट मंजूर करू शकते, अटी घालून मंजूर करू शकते किंवा नाकारू शकते. ६० दिवसांत काहीच कळवले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, मात्र प्रस्ताव नियमावलीशी तंतोतंत जुळणारा असेल तरच. अटी घालण्याचा अधिकार कायद्यात आहे, ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हा अधिकार प्रत्यक्षात कसा वापरला जातो ते मुख्यतः नियमावलीवर ठरते. डिसेंबर २०२० पासून, बृहन्मुंबई आणि काही इतर क्षेत्रे वगळता, राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिने निवासी विभागाचे रस्त्याच्या रुंदीवरून दोन प्रकार केले आहेत: दाट वस्तीत ९ मीटरपेक्षा आणि तिच्याबाहेर १२ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवरचे भूखंड पहिल्या प्रकारात येतात, त्याहून रुंद रस्त्यांवरचे दुसऱ्यात, आणि दुसऱ्या प्रकारात मुभा असलेल्या वापरांची यादी बरीच लांब आहे. शेती विभागातसुद्धा फार्म हाऊसपासून पेट्रोल पंपापर्यंत आणि शैक्षणिक संस्थांपासून मंगल कार्यालयापर्यंत अनेक वापर किमान क्षेत्र, रस्ता आणि बांधकामाची मर्यादा अशा अटींवर बसवलेले आहेत. पूर्वी गावोगाव वेगवेगळे असलेले नियम यामुळे एका ठिकाणी आले हा मोठाच लाभ झाला. शिवाय तक्त्याची बाजू घेताना एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे: सरकारी कचेरीत जेथे जेथे ‘अधिकाऱ्याच्या मते’ हे शब्द येतात तेथे तेथे टेबलाखालच्या व्यवहाराला वाट मिळते हा सार्वत्रिक अनुभव आहे, आणि रस्त्याची रुंदी टेपने मोजता येते, तिच्यात मताला वाव नाही. विवेकाधिकार कमी करण्याचा आग्रह हा केवळ उद्योजकांच्या सोयीचा नाही, तो सामान्य अर्जदाराच्याही हिताचा आहे.

पण टेपने जे मोजता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. मंगल कार्यालयाचे उदाहरण घेतले तर त्याच्या मंजुरीच्या नकाशावर सभागृहाचे क्षेत्रफळ, सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती सोडावयाची मोकळी जागा, वाहनतळातील गाड्यांचे चौकोन, जिने, स्वच्छतागृहे आणि अग्निशमनाची टाकी हे सारे दाखवलेले असते. वरात फाटकापाशी पोहोचण्याआधी अर्धा तास रस्त्यावर नाचत उभी राहते, ते नकाशात नसते. लग्नसराईतल्या दाट तिथीला सकाळचे लग्न आणि संध्याकाळचा स्वागत समारंभ यांच्यामधल्या दोन तासांत जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या एकाच फाटकातून एकमेकींना आडव्या येतात, जनरेटर शेजारच्या कुंपणाला टेकवून ठेवलेला असतो, पाण्याचा टँकर आणि केटरिंगवाल्याचा टेम्पो वाहनतळाच्या त्याच चौकोनांत उभे असतात आणि पाहुण्यांच्या गाड्या मग गल्लीत जातात, हेही त्यात नसते. वर्षाची सरासरी काढली तर अशा कार्यालयाची रहदारी किरकोळ भरेल. त्रास सरासरीचा नसतो, मुहूर्तांचा असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि रात्र १० वाजता सुरू होते, परंतु हे नियम उल्लंघन झाल्यावर पोलिसांनी अमलात आणावयाचे आहेत. फाटक कोणत्या रस्त्यावर उघडावे, जनरेटर कोणत्या बाजूला बसवावा, हिरवळीवरचे व्यासपीठ कोणत्या दिशेला तोंड करून असावे, या उल्लंघन मुळातच टाळणाऱ्या गोष्टी मंजुरीच्या वेळी ठरवाव्या लागतात. आणि त्या ठरवण्यासाठी लागणारी माहिती त्या गल्लीत राहणाऱ्यांकडे असते, वास्तुविशारदाकडे नसते.

तक्त्यात बसत नसेल तर दुसरा मार्ग उरतो तो फेरबदलाचा. अधिनियमाच्या कलम ३७ नुसार अंतिम विकास आराखड्यात त्याचे मूळ स्वरूप न बदलता फेरबदल करता येतो. त्यासाठी प्राधिकरणाने सूचना प्रसिद्ध करून महिनाभराच्या मुदतीत हरकती व सूचना मागवाव्यात, त्यांची सुनावणी घ्यावी आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे पाठवावा अशी रीत आहे. शासनाला वाटले तर ते स्वतःही हे पाऊल उचलू शकते. कागदावर येथे लोकांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे हे खरे, पण लोकांपुढे ठेवला जाणारा प्रश्न ‘अमुक सर्व्हे क्रमांकातील अमुक क्षेत्र शेती विभागातून वगळून निवासी विभागात समाविष्ट करणे’ असा असतो. तेथे पुढे काय उभे राहणार हे त्या सूचनेत असेलच असे नाही, आणि असले तरी ते बंधनकारक नसते, कारण एकदा विभाग बदलला की त्या विभागातील सगळेच वापर त्या जमिनीला खुले होतात. रुग्णालयासाठी पिवळा झालेला पट्टा उद्या गृहसंकुलासाठी वापरला तर विचारणार कोण? शिवाय एका मालकाच्या तुकड्यापुरता भोवतालच्या विभागापासून फुटून निघालेला असा ठिपका नियोजनशास्त्रात दोषच मानला जातो. या मार्गाने जाणे परवडते तेही मंत्रालयापर्यंत फाइलीचा पाठपुरावा करू शकणाऱ्यालाच. चार खोल्यांत पाळणाघर काढू पाहणाऱ्या बाईला तो खुला आहे असे म्हणणे ही थट्टा ठरेल.

नकाशा हलवण्याच्या मार्गात केवढा धोका आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगळूर मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात दाखवून दिले. बंगळूरच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली मोकळी जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका खासगी विश्वस्त संस्थेला शुश्रूषागृहासाठी देण्यात आली होती. दवाखाना हीदेखील नागरी सुविधाच आहे, मग एका सुविधेच्या जागी दुसरी आली तर बिघडले कुठे, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो फेटाळला. उद्यान आणि खासगी शुश्रूषागृह यांची अदलाबदल होऊ शकत नाही आणि वसाहतीतील रहिवाशांना अशा निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट केले. रहिवासी हे नियोजनाच्या प्रश्नात तिऱ्हाईत नाहीत हे तत्त्व या निकालाने पक्के झाले. मात्र तो हक्क त्यांना मिळाला तो न्यायालयाच्या पायरीवर, जागावाटप होऊन गेल्यानंतर.

गोव्यातील घडामोडी त्याच वाटेवरच्या आहेत. तेथील प्रादेशिक योजना २०११ लोकांच्या आंदोलनानंतर २००७ च्या आरंभी मागे घ्यावी लागली होती. तेथील १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात पुढे २०२३ साली कलम १७ (२) आले, आणि योजनेत नजरचुकीने राहिलेल्या चुका वा विसंगत विभागणी दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका मालकाच्या अर्जावर एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची सोय झाली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम व मार्गदर्शक सूचना रद्द केल्या. दुरुस्ती ही दुरुस्तीपुरतीच राहिली पाहिजे हे योग्यच. परंतु अशी पळवाट शोधावी का लागते, याचाही विचार व्हायला हवा. सरळ रस्ता नसला की आडवाटा रुळतात, आणि त्या रुळण्याचा फायदा भातशेतीवर बंगले बांधणाऱ्यांनाच जास्त होतो.

सरळ रस्ता कसा असू शकतो याचा एक जुना नमुना अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली सर्वंकष विभागणीचे नियम केले, दशकभरात शेकडो नगरांनी त्यांचे अनुकरण केले, आणि ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. त्याच सुमारास तेथील केंद्रीय वाणिज्य खात्याने राज्यांसाठी एक आदर्श कायदा तयार केला, त्यात पाच सदस्यांच्या समायोजन मंडळाची तरतूद होती. या मंडळाच्या अधिकारांत दोन वेगळे अधिकार होते. एक, नियम अक्षरशः लावल्याने एखाद्या भूखंडावर अवाजवी अडचण येत असेल तर त्यातून सूट देण्याचा; दुसरा, नियमांनीच ‘विशेष’ म्हणून आधी नोंदवून ठेवलेल्या वापराला जागा पाहून, अटी घालून परवानगी देण्याचा. दुसरा अधिकार येथे महत्त्वाचा आहे, कारण त्यात नकाशा हलत नाही; वापर त्या विभागात तत्त्वतः मान्यच असतो, फक्त या जागी तो कसा बसेल एवढेच तपासायचे असते. ठरावीक अंतरातील मालकांना नोटीस, उघड सुनावणी, लेखी निष्कर्ष आणि परवानगीला जोडलेल्या अटी अशी त्याची सर्वसाधारण घडण होत गेली.

हा नमुना जसाच्या तसा उचलावा असे सुचवण्याचा हेतू नाही, कारण त्याच पद्धतीची काळी बाजूही तेथेच पाहायला मिळते. टेक्सास राज्यातील क्लेबर्न नगरात बौद्धिकदृष्ट्या अपंग असलेल्या १३ व्यक्तींसाठी एक निवासगृह काढण्याचा प्रस्ताव आला. वसतिगृहे, भाड्याच्या खोल्या, शुश्रूषागृहे यांना त्या विभागात विशेष परवान्याची गरज नव्हती, या निवासगृहाला मात्र होती. तो परवाना वर्षापुरता असे आणि त्यासाठी २०० फुटांच्या आतील मालमत्ताधारकांच्या सह्या आणाव्या लागत. नगरपरिषदेने परवाना नाकारला. शेजाऱ्यांची भीती, समोरच्या शाळेतील मुले रहिवाशांना चिडवतील ही शंका, अगदी पाचशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळीसुद्धा कारण म्हणून पुढे करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ही अट या संस्थेबाबत घटनाबाह्य ठरवली, कारण तिच्यामागे जमिनीच्या वापराशी संबंधित असे काही नव्हते, होता तो पूर्वग्रह. पूर येणारच असेल तर तो वसतिगृहाला वगळून येणार नव्हता.

महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटू नये. भाडेकरूचा धर्म, जात आणि आहार विचारणाऱ्या गृहनिर्माण संस्थांच्या शहरांत शेजाऱ्याला नकाराधिकार दिला तर पहिला बळी मंगल कार्यालयाचा जाणार नाही. मनोरुग्णांच्या पुनर्वसन गृहाचा, आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचा, रात्रनिवाऱ्याचा, अल्पसंख्याकांच्या प्रार्थनास्थळाचा जाईल. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम १९ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि ज्या वस्तीत तिचे घर असू द्यायचे की नाही हे वस्तीच ठरवणार, तेथे त्या हक्काला अर्थ उरत नाही. याच कारणासाठी अशा निर्णयात मतदान उपयोगाचे नाही. दारूची दुकाने बंद करण्यासाठी महाराष्ट्रात महिलांच्या मतदानाची तरतूद आहे, ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या चिन्हांवर झालेली ती मतदाने गाजलेलीही आहेत, आणि दारूपुरती ती पद्धत समर्थनीय आहे, कारण मद्यविक्रीचा परवाना हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. वृद्धाश्रमाचा किंवा वसतिगृहाचा प्रश्न मात्र डोकी मोजून सोडवायचा नसतो, त्यात पुरावा तोलावा लागतो.

तेव्हा शेजाऱ्याला स्थान हवे ते साक्षीदाराचे, न्यायाधीशाचे नव्हे. रहदारी, आवाज, सांडपाणी, प्रकाश, आग, कामाच्या वेळा, पाण्याचा उपसा यांबद्दल तो जे सांगेल ते ऐकून त्याचे उत्तर निर्णयात लिहिणे प्राधिकरणावर बंधनकारक असावे. तेथे राहणाऱ्यांच्या जातीबद्दल, आजाराबद्दल किंवा ‘वस्तीचा दर्जा’ या गुळगुळीत शब्दप्रयोगाबद्दल तो जे सांगेल ते नोंदीतच येऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम ४५ मध्ये अटी घालण्याचा अधिकार आहेच. पण त्याच कलमातील एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो: अटी घातल्या किंवा परवानगी नाकारली तर आदेशात कारणे द्यावी लागतात, विनाअट मंजूर केली तर कारणे देण्याचे बंधन नाही. कलम ४७ खालचे अपीलही ४० दिवसांत करता येते ते केवळ नाराज अर्जदाराला. म्हणजे कायद्याने धरून चाललेला अन्याय एकाच दिशेचा आहे, मालकाला नकार मिळण्याचा. अविचाराने मिळालेला होकारही कोणावर अन्याय करू शकतो ही शक्यता या योजनेत नाही, आणि म्हणून शेजाऱ्याला उच्च न्यायालयात रिट करण्यावाचून व्यवहारात गत्यंतर राहत नाही. नियमावलीत निवडक वापरांची स्वतंत्र यादी करून त्यांच्यासाठी जागेवर फलक, १५ दिवसांची मुदत, एकच सुनावणी आणि सकारण आदेश एवढे जोडले, आणि अपिलाच्या कलमात लगतच्या भूखंडांवरील रहिवाशांचा अंतर्भाव केला, तर बरेच काही साधेल.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप विलंबाचा नाही. विलंब मुदतीने आवरता येतो आणि मुदतीत कोणी आले नाही तर हरकत नाही असे धरून पुढे जाता येते. खरा आक्षेप असा की हरकतींचाही बाजार भरेल. हरकत नोंदवायची, मग ती मागे घेण्याची किंमत सांगायची, हा प्रकार ‘ना हरकत’ दाखल्यांच्या व्यवहारात अपरिचित नाही. त्याला उत्तर एवढेच की शेजाऱ्याच्या संमतीला किंवा माघारीला निर्णयात किंमतच असू नये. त्याने मांडलेली रहदारीची अडचण त्याने हरकत मागे घेतल्याने नाहीशी होत नाही, तशी ती खोटी असेल तर त्याच्या अडून बसण्याने खरीही होत नाही. विकत घेण्यासारखे काही उरले नाही की विकणाराही फारसा उरत नाही.

या साऱ्या रचनेला आतून पोखरणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. कलम ५३ खाली अनधिकृत वापराबद्दल नोटीस आली की त्या मुदतीत कलम ४४ खालीच अर्ज करून तो वापर कायम ठेवण्याची परवानगी मागता येते. तरतूद मुळात न्याय्य आहे, कारण अनवधानाने चुकलेल्याला सुधारण्याची संधी असावी. पण तिच्या आधाराने आधी हॉल उभा करायचा, दोन लग्नसराया काढायच्या आणि मग अर्ज टाकायचा ही चाल फायद्याची ठरते. अशा अर्जावर विचार होताना झालेला खर्च, लागलेले कामगार, घेतलेल्या आगाऊ तारखा हे सगळे अर्जदाराच्या बाजूला जमा असते, आणि जो नियमाप्रमाणे सुनावणीची वाट पाहत थांबला त्याच्याजवळ दाखवायला यातले काहीच नसते. म्हणून नंतर आलेला अर्ज जागा मोकळी असल्यासारखाच तपासला गेला पाहिजे, उभ्या बांधकामाची किंमत निर्णयात धरू नये, आणि निर्णय होईपर्यंत तो वापर बंद ठेवावा, अशी अट नियमावलीत स्पष्ट शब्दांत घातली पाहिजे. ती नसेल तर फलक लावून हरकती मागवणाऱ्या प्राधिकरणापुढे फक्त तेच अर्जदार येतील ज्यांना अजून ही चाल ठाऊक झालेली नाही.